भिंतीबाहेर सोडलेली धूळ

सांगलीत घर बांधलं तेव्हा मागच्या बाजूला एक खोली मी मुद्दाम वाढवून घेतली होती. नोकरीची सगळी वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात गेली, आधी साताऱ्याला आणि शेवटी सांगलीत. दुसऱ्यांच्या पोरांना रंधा धरायला शिकवता शिकवता स्वतःच्या हातानं चार वस्तू करायच्या राहूनच गेल्या. निवृत्त झालो, टेबलात बसवलेली एक गोल करवत, एक रंधा मशीन आणि एक घासायचं मशीन घेतलं आणि त्या खोलीत शिरलो. पहिली दोन वर्षं फार सुखाची गेली.

ते सुख घरात कुठवर पसरलंय याकडे माझं लक्ष नव्हतं. भुसा झाडला की जातो, पण लाकूड घासताना उडणारी बारीक धूळ दाराच्या फटीतून येते आणि दिसतही नाही. ती देवघरात, भांड्यांच्या मांडणीवर, अंथरुणावर बसायची. बायकोला दम लागायला लागला. जिना चढली की ती कठड्याला धरून उभी राहायची आणि मी विचारलं तर म्हणायची, वय झालं. मग एका सकाळी तिनं उशीचा अभ्रा काढून माझ्यापुढं झटकला. उन्हाच्या तिरिपेत जे उडालं ते आम्ही दोघांनी बघितलं.

"लाकूड सोडा असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण हे माझ्या उशीवर नको."

मुलांना मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून द्यायचो, तोंडाला रुमाल बांधा, धूळ छातीत बसली की निघत नाही. घरी मात्र मला ते कधी आठवलं नव्हतं. त्याच दिवशी मी कुपवाडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याचं एमआयडीसीत पत्र्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप आहे. कारखान्यांना धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवून देण्यात त्याचा हातखंडा. दोन दिवसांनी तो मोजमाप घ्यायला आला. डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागलेत, पण माझ्यासमोर खुर्चीत बसायला अजून संकोचतो.

त्यानं सांगितलेली रचना साधी होती. प्रत्येक मशीनपासून एक पाइप निघणार, सगळे पाइप एका जाड पाइपला मिळणार, आणि एक मोठा पंखा ती सगळी हवा ओढून पत्र्याच्या उभ्या शंकूत सोडणार. शंकूत हवा गरगर फिरते, जड भुसा खालच्या पिंपात पडतो. बारीक धूळ मात्र खाली पडत नाही, ती हवेबरोबर पुढं जाते.

"तिच्यासाठी कापडी पिशवी लावूया, सर," तो म्हणाला. "पुरुषभर उंचीची असते. हवा बाहेर पडते, धूळ आत राहते."

मी खोलीकडे बघितलं. पिशवीला एक अख्खा कोपरा जाणार होता, आणि त्याच कोपऱ्यात मला लाकडं उभी करायची होती. शिवाय पिशवी झाडायची म्हणजे पुन्हा धूळ.

"नाहीतर?"

"नाहीतर भिंतीला भोक पाडून हवा सरळ बाहेर सोडायची. स्वस्तात होतं, ओढही चांगली राहते. पण मागं कोण राहतं?"

"मागं मोकळंच आहे," मी म्हणालो.

मागं मोकळं नव्हतं. मागचा प्लॉट पुण्यातल्या कुणाचा तरी होता आणि त्यावर घर बांधलेलं नव्हतं एवढंच खरं. प्लॉटच्या एका अंगाला पत्र्याची खोली होती, तिच्यापुढं सारवलेलं अंगण, आणि तिथं भाकरीवाल्या मावशी राहायच्या. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची आणि मीही. मूळच्या जत तालुक्यातल्या, पार कर्नाटकाच्या हद्दीवरच्या. नवरा थोडी मेंढरं घेऊन गावाकडंच असायचा. त्या इथं दोन चुली मांडून कुपवाडच्या एका मेसला रोज भाकरी थापून द्यायच्या. आमच्याही चार भाकरी तिथूनच यायच्या. कपड्यात गुंडाळलेल्या, गरम. इतकं सगळं मला माहीत असताना मी ते वाक्य बोललो होतो. खोटं बोलतोय असंही तेव्हा मनात आलं नाही. नकाशावर प्लॉट मोकळा होता, तेवढं मला पुरलं.

काम दोन दिवसांत झालं. भिंतीला भोक पाडलं, पाइप बाहेर काढला, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्याचं तोंड खाली वळवलं. म्हणजे बरोबर मावशींच्या अंगणाकडं. मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी मूठभर भुसा नळीच्या तोंडाशी धरला आणि तो डोळ्यांदेखत नाहीसा झाला. लहान पोरासारखं मी तीनदा केलं ते. बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं टेबलावरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि हसली. महिन्याभरात तिचा दम कमी झाला. सकाळी ती पुन्हा गणपती मंदिरापर्यंत चालत जायला लागली.

मागं काय चाललंय ते मला गच्चीवरून दिसायचं. आठवड्याभरात मावशींनी कपड्यांची दोरी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला बांधली. मग खोलीची आमच्या बाजूची खिडकी बंद झाली. मी टाकीतलं पाणी बघायला वर जायचो, ते बघायचो आणि खाली यायचो. तिकडं ऊन बरं येत असेल, असं मी मनाशी म्हटलेलं आठवतं.

पुढं वाईला मेव्हण्याच्या आवारातला कडुलिंब वाऱ्यात पडला. जुनं झाड, पक्कं लाकूड. मेव्हणा म्हणाला घेऊन जा, मी टेम्पो करून आणलं. कडुलिंबाच्या कपाटाला कीड लागत नाही. बायकोच्या लुगड्यांसाठी मोठं कपाट करायचं ठरवलं आणि फळ्या पाडून, वाळवून, चैत्रात घासायला घेतल्या. कडुलिंबाची धूळ ओठाला लागली तरी तोंड कडू होतं. मला होत नव्हतं, कारण आता सगळी धूळ बाहेर जात होती.

तोच ज्वारीचा हंगाम. मावशी नवी ज्वारी पोत्यानं घ्यायच्या, पाखडायच्या, निवडायच्या आणि अंगणात सतरंज्या टाकून उन्हं द्यायच्या.

एक दिवस जेवताना बायको थांबली. "आज भाकरी कडवट लागते का हो?"

"जुनी ज्वारी असेल," मी म्हणालो. माझ्याही जिभेला कळलं होतं, पण डोक्यापर्यंत पोचू दिलं नाही.

चार दिवसांनी मावशी स्वतः आल्या. हातात वाटी, वाटीत पीठ. दाराबाहेरच उभ्या राहिल्या.

"आवं सर, जरा चाखून बघा की," त्या म्हणाल्या. "मेसवाला म्हंतो भाकरी कडू लागत्या. दोन दिस झालं परत पाठवतोय. दाना तर नवा हाय, मी सोता निवडलाय. तुमी शिकल्याली मानसं, तुमाला तरी कळंल."

मी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. ती चव मी कुठंही ओळखली असती. सकाळपासून मी त्याच लाकडावर काम करत होतो, माझ्या बनियनवर तीच धूळ होती. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्या क्षणी बोललो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. चूक झाली, उद्या पाइप बंद करतो, मेसवाल्याला मी सांगतो. एवढंच.

"गिरणीत काहीतरी झालं असेल," मी म्हणालो. "आधी कुणाचं तरी मेथी घातलेलं दळण दळलं असेल."

हे मला कसं सुचलं, देव जाणे. मी तसं म्हणालो नसतो तर त्यांना गिरणीचं नाव सुचलंही नसतं. त्यांनी मान हलवली. "व्हय, तसंच असंल," म्हणाल्या, आणि माझ्यावर विश्वास ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत उभा होतो. मावशी आल्या त्या डोक्यावरचं पीठ खाली आपटतच. गिरणीवाला भला माणूस, जात्याच्या दगडाला स्वतः टाकी लावणारा, गिरणी झाडून घेतल्याशिवाय दुसऱ्याचं दळण न घालणारा. मावशींनी त्याला चार बायकांत नाही नाही ते ऐकवलं. कुणाचंबी कडू दळतोस आन् माझ्यात मिसळतोस, माझ्या पोटावर पाय दिलास, म्हणाल्या. तो आधी समजावत होता, मग त्याचाही आवाज चढला. किडकी ज्वारी आणून मला बोलू नकोस, तो म्हणाला. गल्लीतल्या बायका आळीपाळीनं दोघांकडं बघत होत्या. मी डबा धरून उभा होतो. एकदा गिरणीवाल्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा. सर, तुम्ही तरी सांगा, माझी गिरणी कधी अस्वच्छ असते का? मी म्हणालो, जाऊ द्या, भांडू नका. मोठ्या माणसासारखं म्हणालो.

त्यानंतर गल्लीतल्या तीन-चार घरांनी दळण दुसरीकडं न्यायला सुरुवात केली. मावशी लांबच्या गिरणीत डोक्यावरून पोती न्यायला लागल्या. पीठ अर्थातच कडूच राहिलं. मेसवाल्यानं दुसरी बाई बघितली. दोन चुलींपैकी एक विझली, मग दुसरीही फक्त घरापुरती पेटायला लागली. काही दिवसांनी मावशी सकाळी डबा घेऊन शेअर रिक्षानं जाताना दिसल्या. कुपवाडला कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा निवडायला जातात, असं बायको सांगत आली.

मग मी काय केलं, तर गुपचूप सुधारणा. पुन्हा त्या विद्यार्थ्याला बोलावलं. पिशवी बसवायची, भोक बुजवायचं. तो मागच्या बाजूला गेला, पाइपाच्या तोंडाखालची भिंत बघितली, बुडाशी साचलेली पिवळसर धूळ बघितली. मग अंगण, चुली. परत आला तेव्हा बराच वेळ तो पट्टीनं काहीतरी मोजत राहिला.

"मी विचारलं होतं, सर," एवढंच तो म्हणाला. तेही मान खाली घालून. मी त्याला तीस वर्षांपूर्वी याहून कितीतरी लहान चुकीसाठी वर्गाबाहेर उभं केलेलं होतं.

भोक बुजलं, गिलावा झाला, वर रंगही दिला. वाटलं होतं, आता बरं वाटेल. तसं काही झालं नाही. कपाट पूर्ण झालं, ते सुरेख झालं होतं. बायकोनं लुगडी ठेवायला घेतली आणि मला ते बघवेना. तिथंच पलंगावर बसून मी तिला सगळं सांगितलं. वाटीतल्या पिठाचं, गिरणीतल्या भांडणाचं. सांगता सांगता मी म्हणालो की तुला दम लागत होता म्हणूनच तर हे सगळं केलं होतं.

तिनं हातातलं लुगडं घडी मोडून खाली ठेवलं.

"माझ्या नावावर खपवू नका," ती म्हणाली. "मी माझ्या उशीवर नको म्हटलं होतं. तिच्या अंगणात टाका असं नव्हतं म्हटलं." मग जुनी ट्रंक पुढं ओढत, "मी रोज चालायला जायचे तेव्हा ती मला म्हणायची, काकू, आता बऱ्या दिसताय. आणि तुम्ही मला ऐकू दिलंत ते."

लुगडी तिनं परत जुन्या ट्रंकेत ठेवली. ते कपाट बरेच दिवस रिकामं होतं.

रविवारी मावशींना सुट्टी असायची. मी मागं गेलो. त्या अंगणात बसून दगडानं नखं घासत होत्या, बेदाण्याच्या चिकट्यानं बोटं काळी पडली होती. मला बसायला पाट दिला. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, सरळ. पाइप माझा, धूळ माझी, कडुलिंबाची. तुमच्या ज्वारीवर बसत होती. गिरणीचा काही दोष नव्हता.

मावशी ऐकत राहिल्या. मग त्यांनी आमच्या भिंतीकडं, नव्या गिलाव्याकडं बघितलं.

"मी पीठ घिऊन आल्ते," त्या म्हणाल्या, "तवाच कळलं व्हतं तुमाला?"

नाही म्हणायला जागा होती. नंतर कळलं, म्हणता आलं असतं. त्यांनीही ते मान्य केलं असतं, बहुतेक.

"हो," मी म्हणालो. "तेव्हाच."

"आन् मी त्याच्यासंगं भांडत व्हते, तवा तुमी डबा घिऊन हुबं व्हता."

"हो."

त्यांनी दगड बाजूला ठेवला, हात धुतले, पदरानं पुसले. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि मला त्या हव्याच होत्या. पण त्या उठून चपला घालायला लागल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडं जाऊ. माजं मी बोलीन, तुमचं तुमी बोला."

गल्लीतून आम्ही दोघं चालत गेलो, त्या पुढं, मी मागं. गिरणी रविवारी अर्धा दिवस चालते. गिरणीवाला पट्टा काढत होता. मावशींनी चार शब्दांत उरकलं. "दादा, मी बोलले त्ये चुकलं. तुजा काय दोष नव्हता. चार बायांत बोलले, चार बायांत सांगीन." मग बाजूला सरल्या आणि माझ्याकडं बघितलं.

मी सांगितलं. आयुष्यभर वर्गापुढं बोललेला माणूस, पण एक वाक्य नीट लागेना. गिरणीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. अंगावरचं पीठ झटकलं.

"मावशी, तुमचं काय न्हाई," तो म्हणाला. "तुमी तोंडावर बोलला. मला बी राग आला, मी बी बोललो." माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "सर, तुमचं दळण आणलंय का?"

मी नाही म्हणालो. तो बरं म्हणाला आणि परत पट्ट्याकडं वळला. त्यानंतर आजपर्यंत तो माझं दळण वेळेवर देतो, सर म्हणतो, गहू कोरडा आहे का विचारतो. त्याखेरीज एक शब्द बोलत नाही. पूर्वी तो मला बसायला स्टूल द्यायचा.

मेसवाल्याकडं मी एकटाच गेलो. त्यानं निवांत ऐकलं. आता दुसरी बाई लावलीय, तिला कसं काढू, तो म्हणाला. तिची काय चूक? त्याचं बरोबर होतं.

मावशींसाठी काहीतरी करावं म्हणून मी सागाची काठवट करून देतो म्हणालो, पीठ मळायला मोठी, गुळगुळीत. "नगो सर," त्या म्हणाल्या. "लाकडाची नगो. परातच बरी हाय." हसून म्हणाल्या की कसं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बेदाण्याचा हंगाम उतरल्यावर त्यांनी थोड्या भाकरी पुन्हा सुरू केल्या. मेसला नव्हे, आसपासच्या घरांना. मग मागच्या प्लॉटच्या मालकाला बांधकाम काढायचं होतं, म्हणून त्या रस्त्यापलीकडं एका चाळीत राहायला गेल्या. आमच्या भाकऱ्या बायको आणते. मी गेलो तर मावशी बोलतात, बरं हाय न्हवं विचारतात, पण मला पाट दिलेला नाही त्यांनी परत.

पावसाळ्यात बायको निरोप घेऊन आली. मावशींच्या खोलीचं दार फुगलंय, लागत नाही, तुमी याल का विचारलंय. मी हातरंधा घेऊन गेलो. मी दार उतरवायच्या आधी त्यांनी पिठाचा डबा आणि ज्वारीचं पोतं आत नेऊन वर चादर टाकली. मी दार बाहेर चौकात आडवं घातलं, खालची कड रंधली, छिलके गोळा करून पिशवीत भरले. दार लागलं. मावशींनी दोनदा उघडझाप करून बघितलं आणि चहा ठेवला.

चहा देताना त्यांनी विचारलं, "त्ये यंत्र अजून चालवता?"

"हो. आता धूळ पिशवीत जाते."

"आन् पिशवी कुटं झाडता?"

मी सांगितलं की पोत्यात भरून सकाळी घंटागाडीत देतो.

"गाडीवर जी बाई हाय न्हवं," मावशी म्हणाल्या, "ती आमच्या जतकडची हाय. पोतं उपडं करून हातानं वेगळं करती समदं. सांगत जावा तिला, तोंडाला बांध म्हनून."

माझ्या हातात कप होता. इतके महिने मी ते पोतं गेटपाशी ठेवत होतो, आणि तिथून पुढं त्याचं काय होतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी यायच्या आधीच गेटवर उभा राहिलो. पोत्याचं तोंड सुतळीनं दोनदा आवळलं होतं. गाडीवरची बाई खाली उतरली तेव्हा तिला सांगितलं, यात लाकडाची बारीक धूळ आहे, उघडू नका, उघडलंच तर तोंडाला बांधा. तिनं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं.

"आजपतोर बी ह्येच व्हतं काय?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. तिनं पदर नाकावरून घेतला, पोतं उचललं आणि गाडीत टाकलं.